पावसाळ्यात कागदी झुमके चिकट होतात, बसतात, पांढरे पडतात: काय आधी तपासायचं

जून संपत आला की माझ्या दाराशी डबे यायला लागतात. कुणाचा मिठाईचा, कुणाचा स्टीलचा. आत कापसात किंवा पाऊचमध्ये ठेवलेले क्विलिंगचे (कागदाच्या अरुंद पट्ट्या गुंडाळून केलेले) झुमके, लटकनं, कागदी मण्यांच्या माळा. मी रत्नागिरीत राहते. अकरा वर्षं कागदाचे दागिने करते, शिकवते आणि त्याहून जास्त दुरुस्त करते. तक्रार दरवर्षी तीच असते: "ताई, मार्चमध्ये केले तेव्हा खडखडीत होते हो. आता बघा."

म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते. तपासण्या फुकटात होणाऱ्या आधी, खर्चाच्या आणि कटकटीच्या शेवटी. क्रम मोडू नका, कारण दहातले सात-आठ डबे पहिल्या तीन तपासण्यांतच निकालात निघतात.

लक्षणं

- अंगठा टेकवला की ठसा उमटतो. झुमका पाऊचला, कापसाला किंवा जोडीच्या झुमक्याला चिकटतो.
- घुमट, म्हणजे झुमक्याचा टोपीसारखा भाग, बसतो. खालची कड गोल न राहता लांबट होते, कधी मधली कॉइल (गुंडाळलेली पट्टी) स्प्रिंगसारखी खाली उतरते.
- चकाकी जाते आणि वर दुधाळ झाक येते. काळ्या, जांभळ्या, गर्द हिरव्या कागदावर ती जास्त दिसते.
- गडद रंग शेजारच्या फिक्या पट्टीत उतरतो. लाल, राणी आणि गडद निळा यांचं हे नेहमीचं.
- कडी ओवलेलं भोक सैल होतं आणि एके दिवशी झुमका पडतो, हूक कानातच राहतो.
- आतून काळे-करडे ठिपके, कुबट वास, नाहीतर कुरतडलेल्या कडा.

पहिली दोन लक्षणं बहुतेक वेळा एकाच कारणाची असतात. तिसऱ्याचं कारण वेगळं आहे आणि उपायही वेगळा. शेवटचं लक्षण दिसलं तर तो डबा आधी बाकीच्या दागिन्यांपासून लांब ठेवा, मग पुढे वाचा.

सगळ्यात आधी: वार्निशचा आणखी एक हात देऊ नका

चिकट झुमका हातात आला की जवळजवळ प्रत्येकीला एकच सुचतं, वरून आणखी एक हात मारू म्हणजे कडक होईल. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं आणि बरेच दागिने वाया घालवले.

कागद हवेतलं पाणी ओढून घेतो. कोरड्या हवेत त्याच्या वजनाच्या ५-६ टक्के पाणी त्याच्यात असतंच. कोकणातल्या जुलैच्या हवेत ते १० टक्क्यांच्या पुढे जातं. कागदाचा तंतू पाणी पिऊन लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो. क्विलिंगच्या एका घुमटात पट्टीचे पन्नास-साठ वेढे एकमेकांना खेटून बसलेले असतात. प्रत्येक वेढा केसभर फुगला तरी सगळ्यांची बेरीज होते, वेढे एकमेकांना ढकलतात आणि मधला गम सुटतो. त्यावर वार्निश चढवलं की ते पाणी आत कोंडलं जातं. शिवाय नव्या वार्निशमधलं द्रावक खालचा जुना थरही परत मऊ करतं. चार दिवसांनी झुमका पूर्वीपेक्षा चिकट.

तेव्हा ब्रश खाली ठेवा आणि पहिल्या तपासणीला लागा.

१. ओठाला लावून बघा, मग दोन दिवस कोरड्या डब्यात ठेवा

खर्च शून्य. खोलीत निदान तासभर उघडा ठेवलेला झुमका आतल्या, वार्निश नसलेल्या बाजूने वरच्या ओठाला हलकेच टेकवा. गार लागला तर आत ओल आहे. बोटांना हा फरक कळत नाही, ओठाला कळतो. (आतून बुरशीचे ठिपके असतील तर मात्र ओठाला लावू नका, सरळ नवव्या तपासणीकडे जा.)

मग घट्ट झाकणाचा डबा घ्या. तळाला सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) पसरा, वर जाळी किंवा भोकं पाडलेला पुठ्ठा, त्यावर झुमके एकमेकांना न लागतील असे. दोन लिटरच्या डब्याला पन्नास ग्रॅम जेल पुरतं. नवीन बुटांच्या किंवा पर्सच्या खोक्यात येणाऱ्या पुड्या चालतात, पण त्या आधीच हवेतलं पाणी पिऊन बसलेल्या असतात. मी आठ-दहा पुड्या जमवून घेते आणि जाड बुडाच्या तव्यावर कागद टाकून, अगदी मंद आचेवर, उलटसुलट करत गरम करते. कागदी पुड्या असतील तरच. प्लास्टिकच्या असतील तर फोडून दाणे काढते. निळे दाणे ओल पिऊन गुलाबी होतात. त्यांत कोबाल्टचं क्षार असतं आणि ते विषारी आहे, तेव्हा निळे दाणे स्वयंपाकघरात आणू नका. पांढरे घ्या.

तांदळात पुरून ठेवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तांदळात स्वतःचंच १२ ते १४ टक्के पाणी असतं, तो झुमक्यातलं फार काही ओढणार नाही. वर तांदळाची पूड कॉइलच्या फटीत बसते ती ब्रशनेसुद्धा निघत नाही.

हेअर ड्रायर नको. पांढरा गम उष्णतेने मऊ पडतो, आणि वरची साय वाळून आतलं पाणी तसंच राहतं. उन्हाची तिरीप आली म्हणून खिडकीतही ठेवू नका. रंग उडतो आणि ऊन गेलं की तासाभरात हवा परत तितकीच दमट होते.

दोन दिवसांनी डबा उघडा. झुमका परत खडखडीत झाला असेल तर तुमच्या कामात खोट नाही, साठवणीत आहे. सोनाराकडे असतो तसला, एका ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा कुणाकडे असेल तर आधी-नंतर वजन करून बघा. मी माझ्या वर्गात हे मुद्दाम करून दाखवते. डब्यातून निघालेल्या झुमक्याचं वजन घटलेलं काट्यावर दिसलं की 'ओल' हा शब्द कुणाला समजवावा लागत नाही.

२. पाऊच बघा

दोन वर्षांपूर्वी गौरी आवाहनाच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. गौरीसाठी मुलीने केलेले कागदी झुमके, राणी आणि हिरवा, सोनेरी कड. दोन्ही एकाच पाऊचमध्ये, आणि पाऊच, झुमका, झुमका असं सगळं एकमेकांना चिकटून एक गोळा झालेला. काकूंनी ओढायचा प्रयत्न केला होता तिथे वार्निशची साल निघून खालचा फिका कागद दिसत होता, आणि राहिलेल्या भागावर पाऊचच्या प्लास्टिकचा जाळीदार ठसा अगदी स्पष्ट उठला होता.

तो ठसा बघितल्यावर पुढचं काही तपासायची गरज नव्हती. मऊ, जाड, नव्या रेनकोटसारखा वास येणारं पाऊच पीव्हीसीचं असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट रसायन घातलेलं असतं आणि ते हळूहळू बाहेर येऊन वार्निशमध्ये उतरतं. वार्निश मग कितीही दिवस वाळवलं तरी चिकटच. उकाड्यात हे आणखी लवकर होतं.

चिकटलेली जोडी ओढून सोडवू नका. कोरडा रेशमी दोरा दोन्ही हातांत ताणून धरा आणि दोन झुमक्यांच्या मधून करवतीसारखा पुढे-मागे, न दाबता चालवा. मला त्या संध्याकाळी वीस मिनिटं लागली. साल निघालेल्या जागी नवीन राणी पट्टीचा एक वेढा चढवला आणि गौरी सजल्या.

पाऊच बदला. बटर पेपरमध्ये सैल गुंडाळून स्टीलच्या किंवा कडक प्लास्टिकच्या डब्यात ठेवणं सगळ्यात बरं. दिसायला पारदर्शक हवंच असेल तर कडकड आवाज करणारी पातळ पिशवी घ्या, मऊ नको. विकायला ठेवणाऱ्यांनी तर हे आधी करावं: गिऱ्हाईक पहिला दोष तुमच्या हाताला देतं, पाऊचचा विचार कुणाच्या मनात येत नाही.

३. घुमटाच्या आत टॉर्च मारा

मोबाईलचा टॉर्च पुरे. पांढरा गम ओला असताना दुधासारखा दिसतो, वाळला की पारदर्शक होतो. घुमटाच्या टोकाशी, जिथे आत गम साचतो, तिथे पांढरा ठिपका दिसत असेल तर तो गम अजून वाळलेलाच नाही. महिना झाला असला तरी! बाहेरून वार्निश, आतून जाड थर, मग पाणी जाणार कुठून?

आतून गम लावलाच नाही अशीही उदाहरणं येतात. टॉर्चखाली वेढ्यांच्या रेघा कोरड्या, मॅट दिसतात. असा घुमट फक्त कागदाच्या ताणावर उभा असतो आणि ओल आली की बसतो.

बसलेला घुमट अजून वार्निश न केलेला असेल तर वाचतो. एक दिवस कोरड्या डब्यात ठेवा, साच्यावर परत चढवून दोन्ही अंगठ्यांनी खालून वर सारखा करा, आणि आतून गम लावा. माझं प्रमाण दोन भाग गम, एक भाग पाणी; नुसता घट्ट गम साचतो आणि फार पातळ केला तर कागद भिजून घुमट परत उतरतो. बारीक ब्रशने पातळ थर, चार तास थांबून दुसरा. साच्यावरून काढताना चिकटू नये म्हणून साच्याला आधी पातळ प्लास्टिक ताणून लावा. त्यानंतर कोरड्या दिवसात २४ तास, पावसात ४८ तास वार्निशचं नाव काढायचं नाही.

वार्निश झालेला घुमट बसला तर त्याला परत आकार देता येत नाही. दाबलं की वार्निशला तडे जातात. कडी-हूक काढून घ्या, झुमका सोडून द्या. तास-दोन तास त्यात घालवण्यापेक्षा नवीन लवकर होतो.

४. तारखा आठवा

वहीत लिहायची सवय नसेल तर लावून घ्या: कॉइल कधी, आतला गम कधी, पहिला हात कधी, दुसरा कधी. कारण सापडत नाही तेव्हा नव्वद टक्के वेळा उत्तर या चार तारखांत असतं. ऑर्डर घाईची, सकाळी घुमट, दुपारी गम, रात्री वार्निश, सकाळी कुरियर. मे महिन्यात हे खपून जातं. जुलैत नाही.

५. दुधाळ झाक

ही चिकटपणाची बहीण वाटते, पण प्रकार निराळा. नेलपेंट, स्प्रे किंवा थिनरवालं वार्निश भराभर उडतं. उडताना पृष्ठभाग गार होतो, आणि गार झालेल्या पृष्ठभागावर हवेतलं बाष्प धरतं, गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून धरतं तसंच. ते पाणी वाळणाऱ्या थरात अडकलं की झाक पांढरी दिसते. चपडा लाखेचं पॉलिश करणारे सुतार भर पावसात काम का टाळतात, त्याचं कारणही हेच.

उपाय स्वस्त आहे, फक्त धीर हवा. कोरड्या डब्यात तीन दिवस. कित्येकदा तेवढ्यानेच झाक निघून जाते. नाही गेली तर हवा कोरडी असेल अशा दिवशी त्याच वार्निशचा एक पातळ, अगदी पातळ हात द्या. खालचा थर थोडा सैल होऊन अडकलेलं बाष्प निघतं. 'हात देऊ नका' या वर सांगितलेल्या गोष्टीला हा एक अपवाद (दुसरा सहाव्या तपासणीत), आणि तोही झुमका आतून कोरडा असल्याची खात्री झाल्यावरच.

झाक चमच्याने खरवडू नका, नेलपेंट रिमूव्हरने पुसूही नका. रिमूव्हर कागदापर्यंत पोचलं तर रंग ओढून काढतं.

६. कोणतं वार्निश आहे ते ओळखा

दुसऱ्याने केलेला दागिना दुरुस्तीला आला की हे लागतंच. कापसाची बारीक वात ओली करून पिळून घ्या आणि आतल्या कडेला, न दिसणाऱ्या जागी, पाच-सहा वेळा घासा. थर दुधाळ होऊन बुळबुळीत लागला तर तो पाण्यात विरघळणाऱ्या जातीचा: गमच, किंवा क्राफ्टच्या दुकानात गम आणि वार्निश एकात म्हणून मिळतं ते. हे दिसायला सुरेख असतात, पण दमट हवेत पूर्णपणे कोरडे कधीच होत नाहीत. डोंबिवली, वसई, गोवा, सगळीकडून हीच तक्रार येते. अशा थरावर, झुमका पुरता वाळवून, थिनरवाल्या पारदर्शक वार्निशचे दोन पातळ हात दिले की पावसाळा निघतो.

थिनरवाल्यावर पाण्याचं मात्र नको, ते थेंब-थेंब होऊन सुटतं.

आणि कागदावर थेट थिनरवालं वार्निश लावू नका. कागद ते पितो आणि तेल लागल्यासारखा काळपट, आरपार दिसतो. आधी पातळ गमचा एक हात, तो वाळल्यावर वार्निश. आपल्याकडे हे नवीन नाही. जुन्नरी आणि दौलताबादी कागद, ज्यावर पेशवे दफ्तरातली पानं लिहिली गेली, त्यालाही खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे शाई कागदात न पसरता वरच राहते. पुण्यातला कागदीपुरा, दौलताबादजवळचं कागजीपुरा ही नावं त्याच कारागिरांची. दोन-अडीचशे वर्षांनी ती पानं आजही वाचता येतात. कागदाची भोकं आधी बुजवायची, मग त्यावर काय ते करायचं. आपण झुमक्याला गमचा पहिला हात देतो ती खळच आहे. फक्त तांदळाची किंवा मैद्याची खरी खळ दागिन्याला वापरू नका, तिला कसर लागते.

७. कागद

इथपर्यंत सगळं नीट असूनही घुमट सुटत असेल तर कागदाकडे या. तीन गोष्टी बघायच्या.

रंग: पट्टीवर ओल्या कापसाचा बोळा दहा सेकंद दाबून धरा. कापूस रंगला तर तो कागद फिक्या रंगाशेजारी वापरायचा नाही. वापरायचाच असेल तर पातळ केलेला गम टाळा, घट्ट गम थोडा आणि सुईच्या टोकाने लावा. रंग एकदा उतरला की तो काढता येत नाही, त्यावर उपाय शोधत बसू नका.

जाडी: पतंगाचा किंवा घोटीव कागद घुमट धरत नाही. १२० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं वजन १२० ग्रॅम) आसपासची पट्टी झुमक्याला बरी. भेटवस्तूचा छापील कागद सुंदर दिसतो म्हणून घ्यायचा मोह होतो. तो मण्यांना वापरा. त्याचीही एक अडचण आहे: चकचकीत प्लास्टिकचा थर असलेल्या कागदाला पांढरा गम धरत नाही, मणी महिन्याभरात उलगडतो. कोपरा फाडून बघा, फाटलेल्या कडेला पातळ पापुद्रा ताणला जात असेल तर तो प्लास्टिकचा थर.

तिसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबते. मशीनवर बनलेल्या कागदात तंतू एका दिशेला झोपलेले असतात. कागद उभा फाडा आणि आडवा फाडा. एका बाजूने सरळ रेघेत फाटेल, दुसऱ्या बाजूने वेडावाकडा. सरळ फाटतो ती तंतूंची दिशा. मण्यासाठी त्रिकोणी पट्टी कापताना तंतू काडीला समांतर यायला हवेत, म्हणजे पट्टीच्या रुंदीत. मग पट्टी सहज वळते आणि वळलेली राहते. तंतू लांबीत गेले तर प्रत्येक वेढा परत सरळ व्हायला बघतो, आणि ओल येऊन गम सैल झाला की त्याला तेवढंच निमित्त पुरतं. घरी पट्ट्या कापणाऱ्या बायकांचे मणी उलगडतात त्यामागे मला हे फार वेळा दिसलं आहे. एका मुलीच्या दोन माळा होत्या, एकाच कागदाच्या, एकाच दिवशी केलेल्या. एक खणखणीत, एकीचे अर्धे मणी उकललेले. दुसऱ्या माळेच्या पट्ट्या कागद फिरवून कापल्या होत्या, एवढाच फरक. हातकागदाला अशी ठळक दिशा नसते, म्हणून तो दोन्हीकडून वळतो. पण तो मऊ, पाणी पिणारा असतो, त्याला आतला गम एक हात जास्त लागतो.

८. भोक आणि कडी

घुमटाच्या टोकाला सुईने भोक पाडून कडी थेट ओवली असेल तर ती कागद कापणारच. भोकातून हेडपिन (एका टोकाला डोकं असलेली तार) आतून वर काढा, आत पिनेच्या डोक्याखाली एक मणी किंवा मण्याची टोपी घाला, वर पिनेचा आकडा वळवा. भार मग कागदाच्या कडेवर न येता मण्यावर येतो. भोकाच्या कडेला गमचा थेंब, तो वाळल्यावरच पिन. कडीचं तोंड पक्कडने पूर्ण मिटलं आहे का तेही नखाने चाचपून बघा. धातूवर हिरवट दिसलं तर तो भाग बदला, तो हिरवटपणा कागदात उतरतो.

९. खोली

सिलिका जेल, पाऊच, गम, कागद सगळं तपासून झालं आणि तरीही दरवेळी तेच होत असेल तर तुम्ही काम करता ती जागा बघा. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र दोन-चारशे रुपयांत मिळतं. ते खरं दाखवतं का, हे घरीच तपासता येतं: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात ओल्या वाळूइतकंच होईल एवढं पाणी घाला, झाकण आणि यंत्र एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवं. ७० दाखवत असेल तर ते पाच कमी दाखवतं, तसं लिहून वर चिकटवा.

माझा नियम असा: ६५ च्या खाली असेल तर वार्निश, ६५ ते ७५ मध्ये फक्त कॉइल आणि गम, ७५ च्या वर काहीच नाही, त्या दिवशी पट्ट्या कापायच्या, रंग जुळवायचे, नक्षी काढायची. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वरचे दिवस ओळीने येतात, म्हणून माझी गौरी-गणपतीची कामं मेअखेर वार्निश होऊन डब्यात गेलेली असतात. हलव्याचे दागिने संक्रांतीलाच होतात, पौषातल्या कोरड्या थंडीत. श्रावणात कुणी हलव्याचं मंगळसूत्र करायला घेत नाही. कागदालाही तोच मान द्यावा.

वर्कटेबल बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर एक फूट पुढे ओढा. पलंगाखाली, मोरीशेजारच्या कपाटात कागद ठेवू नका. कपाटात लटकवायच्या ओल शोषणाऱ्या पिशव्यांत पाणी साचतं, त्या दागिन्यांच्या डब्यात घालू नका. आतून ठिपके आलेले झुमके, खरं सांगते, टाका. बुरशी पुसली तरी वेढ्यांच्या आत राहते आणि ती वस्तू कानाला, मानेला लागणार असते.

१०. रेझिन

हे मुद्दाम शेवटी. महाग आहे आणि चुकलं तर मागे जाता येत नाही. दोन बाटल्यांचं रेझिन चिकट राहिलं तर पहिली शंका प्रमाणाची. कुणाचं एकास एक असतं, कुणाचं दोनास एक, कुणाचं वजनाने, कुणाचं मापाने. अंदाजाने ओतलेलं रेझिन वर्षभर थांबलात तरी वाळणार नाही, कारण ते वाळत नसतंच. दोन द्रव्यं एकमेकांशी जोडली जाऊन घट्ट होतात आणि एक कमी पडलं की दुसरं तसंच उरतं. ग्लासाच्या कडेचं न ढवळलेलं रेझिन खरवडून ओतलं तरी तिथे चिकट डाग राहतो. थर चिकट असेल तर हातमोजे घालून स्पिरिटच्या फडक्याने वरचं पुसा आणि नीट मोजलेला दुसरा पातळ थर द्या. वरून फक्त मेणकट, बुळबुळीत लागत असेल आणि आत घट्ट असेल तर ते दमट हवेचं काम. कोमट साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसलं की जातं. बुडबुडे कागदातून येत असतील तर कागद ओला होता किंवा त्याला खळ दिली नव्हती. परत पहिल्या तपासणीला.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

भिंतीला पोपडे आलेत, पांढरा खार फुटलाय, यंत्र खिडक्या बंद करूनही ८५ दाखवतंय: हे गम-वार्निशचं काम राहिलं नाही. वॉटरप्रूफिंग करणाऱ्याला किंवा प्लंबरला बोलवा. भिंतीच्या आत पाइप गळत असेल तर सिलिका जेलची पोती आणलीत तरी उपयोग नाही. त्याच ओल्या भिंतीवर प्लगपॉइंट असेल तर तिथे हीटर, दिवा, डिह्युमिडिफायर काहीही लावू नका, आधी इलेक्ट्रिशियन.

स्प्रे किंवा रेझिनचं काम करताना डोकं जड झालं, घसा खवखवला, मनगटावर पुरळ उठलं तर काम तिथेच सोडा, मोकळ्या हवेत या. कापडी मास्क या वाफा अडवत नाही. रेझिनचं पुरळ एकदा उठलं की पुढच्या वेळी थोड्याशा रेझिननेही उठू शकतं, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय परत हात लावू नका. गरोदर बायकांनी आणि दमेकऱ्यांनी या दोन गोष्टी मुळातच टाळाव्यात, पांढरा गम आणि कागद यांत करण्यासारखं पुष्कळ आहे.

झुमका घातल्यावर कानाची पाळी लाल होते, खाजते, पाणी सुटतं, तर दोष बहुधा हुकातल्या निकेलचा असतो, कागदाचा नव्हे. हूक चांदीचा किंवा सर्जिकल स्टीलचा लावून घ्या. पाळी चिघळली असेल तर हूक बदलून बघत बसू नका, डॉक्टरकडे जा. हुकाला डाग द्यायचा असेल तर सोनाराकडे, आणि कागदी भाग सोडवून. बर्नर जवळ आला की वार्निश पेट घेतं.

राहिला एक प्रकार, वर्षातून एखादाच येतो. आजीच्या लग्नातलं बाशिंग, कागद आणि बेगडीचं, पेटीच्या तळाशी सापडलेलं. किंवा कुणी गेलेल्या माणसाने केलेला कागदी हार. माझ्याकडे घेऊन येतात तेव्हा मी हात लावत नाही. जुना कागद ठिसूळ असतो, बेगडीखालचा डिंक सुटलेला असतो, आणि मी शिकवते त्यातली एकही गोष्ट, गम, वार्निश, सिलिका जेलचा डबा, त्याला चालत नाही. एकदम वाळवलं तर तो तडकतो. अशा वस्तूसाठी जुन्या कागदाचं जतन करणारे प्रशिक्षित लोक असतात. जवळच्या वस्तुसंग्रहालयात किंवा पुराभिलेखागारात चौकशी केली तर पत्ता मिळतो. तोवर धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलच्या कापडात सैल गुंडाळा, वर काही ठेवू नका, आणि नेताना डबा आडवा धरा.